ताटात न वाढलेले मीठ

आपल्याकडे पान वाढताना पहिला मान मिठाचा. चिमूटभर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग चटणी-कोशिंबीर. भात-वरण येते ते त्यानंतर. कदाचित म्हणूनच ‘मीठ किती खाता?’ असे विचारले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ती चिमूटच येते. ‘वरून अजिबात घेत नाही, डॉक्टर,’ हे उत्तर मी जवळजवळ तीस वर्षे ऐकत आले आहे. ते खोटे नसते. आणि बहुतेक वेळा त्याचा काही उपयोगही नसतो.

हे मला नीट कळायला मात्र गेल्या वर्षीचा पावसाळा उजाडावा लागला. माझे एक जुने रुग्ण आहेत, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय ७४. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही तेच म्हणते. रक्तदाब जुनाच होता. दोन वर्षांपूर्वी हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झाल्याचे निदान झाले, तेव्हा औषधांच्या चिठ्ठीखाली मी ‘मीठ कमी’ असे दोन शब्द लिहिले आणि माझे काम संपले असे समजले. गेल्या पावसाळ्यात मात्र त्यांची तब्येत सारखी बिघडू लागली. पायमोज्यांचे वळ संध्याकाळी खोल उमटत. रात्री एका उशीवर भागेना, दोन लागू लागल्या. मी लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस वाढवला. महिन्याभराने पुन्हा वाढवला. तरीही एका रात्री दम लागून त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले.

तिथून घरी आल्यावर दोघे दवाखान्यात आली, तेव्हा मी जरा कडक आवाजातच म्हटले, “काकू, मीठ जास्त पडतंय बरं का. स्वयंपाक तुमच्या हातात आहे.”

काकू काही क्षण गप्प बसल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, “डॉक्टरबाई, दोन वर्षं झाली, आमच्या आमटी-भाजीला मीठ नाही. यांचं वेगळं, माझं वेगळं कुठं करायचं, म्हणून मीही अळणीच जेवते. आता आणखी काय कमी करू ते सांगा.”

त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि काकूंना म्हटले, मला फक्त फडताळ दाखवा.

मिठाची बरणी शेवटच्या कप्प्यात, मागे सरकवलेली होती. पुढचे कप्पे मात्र भरलेले होते. टोस्टचा डबा, खारीचा डबा, फरसाणाची पिशवी, पापडांची चळत, कैरीचे विकतचे लोणचे आणि मुलाने शहरातून आणून दिलेली सूपची पाकिटे. ‘बाबांना हलकं काहीतरी’ म्हणून तो ती मोठ्या प्रेमाने आणत असे. गुरुजींच्या खाटेजवळ, पाण्याच्या तांब्याशेजारी, फसफसणाऱ्या आम्लपित्तनाशक चूर्णाच्या पुड्या होत्या. अळणी जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून तोंडी लावायला लोणचे आणि दोन पापड. पोट भरत नाही म्हणून चार वाजता फरसाण. अवेळी खाल्ल्याने जळजळ होते म्हणून रात्री पुडी. एक धागा ओढला की पुढचा आपोआप निघत होता.

गुरुजी हिशेबाचे पक्के. त्यांनी दिनदर्शिकेचे जुने पान उलटे केले, भिंग काढले, आणि मी पाकिटांवरचे आकडे वाचत गेले तसे ते लिहीत गेले. काही आकडे छापलेले होते, काही मी अंदाजाने सांगितले. सकाळचे टोस्ट-खारी, २५० मिलिग्रॅम सोडियम. चमचाभर लोणचे, ६००. दोन पापड, ४००. मूठभर फरसाण, ४००. संध्याकाळचा वाडगाभर सूप, ६००. रात्रीची पुडी, सुमारे ८००. बेरीज ३,०५०.

“म्हणजे मीठ किती?” गुरुजींनी विचारले.

हा प्रश्न वाचकांनीही लक्षात ठेवावा, कारण पाकिटावर ‘मीठ’ असा आकडा सहसा नसतो, ‘सोडियम’ असा असतो. आपले रोजचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या वजनात सोडियमचा वाटा सुमारे ४० टक्के. त्यामुळे सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. ३,०५० गुणिले अडीच म्हणजे साडेसात ग्रॅमांहून थोडे अधिक. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला लहान चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही मर्यादा ५ ग्रॅमांचीच आहे. गुरुजींच्या ताटात चिमूटही न वाढता त्या मर्यादेच्या दीडपट मीठ त्यांच्या पोटात जात होते. काकूंनी पान वाचले, आणि एक शब्दही न बोलता आत जाऊन चहा ठेवला. चुकीच्या माणसावर ठपका ठेवल्याची इतकी सौम्य शिक्षा मला दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असेल.

मग हे मीठ जिभेला कळत का नाही? वेफर्सवर मीठ वरून भुरभुरलेले असते. ते थेट जिभेवर पडते, म्हणून वेफर्स खारट लागतात. पाव, टोस्ट, खारी, बिस्किटे यांत ते पिठात मळलेले असते. १०० ग्रॅम पावात ४०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम सहज असते, पण पाव खारट आहे असे कोणी म्हणत नाही. गोड बिस्किटांत साखर खारटपणा झाकते. शिवाय सोडियम हे केवळ मिठातूनच येते असे नाही. खाण्याचा सोडा, पापडखार, अजिनोमोटो म्हणून ओळखले जाणारे मोनोसोडियम ग्लुटामेट, सरबते आणि सॉस टिकवण्यासाठी घातले जाणारे सोडियम बेंझोएट ही सगळी त्याचीच भावंडे आहेत. यांतले एकही आपण ‘मीठ’ या नावाने ओळखत नाही, पण शरीराच्या हिशेबवहीत नोंद सोडियमच्याच खात्यावर होते.

त्यात वार्धक्याची भर पडते. वयाबरोबर चव आणि वास या दोन्ही संवेदना मंद होतात. कित्येक आजी-आजोबा ‘सुनेच्या हाताला चव नाही’ म्हणतात तेव्हा तक्रार खरे तर जिभेची असते, असे मी नम्रपणे नमूद करते. (सुनांनी हे कात्रण भिंतीवर लावू नये, ही विनंती.)

जास्त झालेले मीठ शरीरात काय करते, हे समजावताना मी सलाईनच्या बाटलीचे उदाहरण देते, कारण ती सगळ्यांनी पाहिलेली असते. एक लिटर साध्या सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. शरीरातल्या पाण्याचा खारेपणा साधारण याच प्रमाणात राखला जातो. मूत्रपिंडांना बाहेर टाकता न आलेले ९ ग्रॅम मीठ अंगात राहिले, तर ते आपल्यासोबत जवळपास लिटरभर पाणी धरून ठेवते. तरुण आणि निरोगी माणसाची मूत्रपिंडे हा जादा भार एक-दोन दिवसांत उतरवतात. ज्यांचे हृदय थकले आहे किंवा मूत्रपिंडे मंदावली आहेत, त्यांच्या बाबतीत ते पाणी पायांत उतरते, फुप्फुसांत साचते, आणि दम लागतो. मी एकीकडे गोळी वाढवून पाणी काढत होते आणि दुसरीकडे सूपच्या वाडग्यातून ते परत येत होते.

म्हणूनच हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या घरी वजनकाटा हवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, रोज त्याच काट्यावर वजन करावे आणि लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढले तर ती चरबी नव्हे, ते पाणी आहे. सूज दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आता पाकिटाविषयी. आपल्या देशात बहुतेक सर्व पाकीटबंद पदार्थांवर पोषणतक्ता छापणे बंधनकारक आहे आणि त्यात सोडियमचा आकडा असतो. अक्षरे बारीक आणि भाषा बहुधा इंग्रजी असते, ही अडचण खरी. पण घरात सातवी-आठवीतले नातवंड असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवावे. मुलांना असा तपास आवडतो. त्याला दोनच गोष्टी सांगाव्यात. ‘१०० ग्रॅमला सोडियम किती’ हा रकाना पाहायचा, कारण ‘एका वेळेला’ या रकान्यातले वेळेचे माप उत्पादकाने ठरवलेले असते आणि ते पुष्कळदा आपल्या मुठीपेक्षा बरेच लहान असते. आणि १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर कमी, ६०० च्या पुढे असेल तर पुष्कळ, असा ठोकताळा ठेवायचा. पापड, लोणचे, सूपची पावडर, झटपट शेवया, प्रक्रिया केलेले चीज ही मंडळी ६०० च्या कितीतरी पुढे निघतात. सुटे फरसाण, कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी यांच्यावर आकडाच नसतो, तेव्हा ती त्याच पंक्तीतली धरावी.

घरचे लोणचे तरी निर्दोष ना, असे विचारले जाते. नाही. लोणचे टिकते तेच मिठावर. वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक मीठ त्यात लागते, मग ते कारखान्यात घातलेले असो वा आजीच्या हातचे. कोकणातल्या वाचकांनी कोकमाचे आगळ आणि खारवलेला सुका बांगडा हेही याच यादीत घालावेत. बाजारातले बरेचसे कुरमुरे खारवलेले असतात, तेव्हा ‘काही नाही, नुसते कुरमुरे खाल्ले’ हेही तितकेसे खरे नाही.

सैंधवाविषयी दर आठवड्याला कोणीतरी विचारते. सैंधव, काळे मीठ, हल्ली मिळणारे गुलाबी मीठ, सगळ्यांत मुख्य द्रव्य सोडियम क्लोराइडच. रंग आणि वास वेगळा, उपवासाला चालते हेही खरे, पण रक्तदाबाला त्यातून सवलत मिळत नाही. शिवाय यांतल्या अनेक मिठांत आयोडीन मिसळलेले नसते.

औषधांच्या कपाटाकडे मात्र जरा थांबून पाहावे लागेल, कारण तिथे मीठ असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या आम्लपित्ताच्या चूर्णात जवळजवळ निम्मा वाटा खाण्याच्या सोड्याचा असतो, आणि सोड्याच्या वजनात २७ टक्के सोडियम असते. ५ ग्रॅमच्या एका पुडीतून दोन ग्रॅम मिठाइतके सोडियम जाऊ शकते. पाण्यात विरघळवून घ्यायच्या फसफसत्या वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. लवणभास्कर चूर्णाच्या तर नावातच लवण आहे, आणि एक नव्हे तर अनेक लवणे त्यात असतात. जेवणानंतर तळहातावर घेतलेली खारी आवळासुपारीही मोजावी. आणखी एक सवय मी अलीकडे फार पाहते. ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून रोज जलसंजीवनीचे पाकीट पिण्याची. जुलाब होत असतील तर ही पावडर जीव वाचवते, तेव्हा ती जरूर घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. पण एक लिटर जलसंजीवनीत चार ग्रॅमांहून अधिक मिठाइतके सोडियम असते. जुलाब नसताना, हृदयविकार असताना ती सरबतासारखी पिणे म्हणजे तोंडाने सलाईन लावून घेणे होय.

गुरुजींच्या घरी आम्ही काय केले ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे काकूंना मीठ परत दिले. हो, दिले. एक लहान डबी घेतली. रोज सकाळी सपाट एक लहान चमचा मीठ त्यात काढायचे, आणि दोघांचा दिवसभराचा स्वयंपाक तेवढ्यात करायचा. डबी रिकामी झाली की दिवसाचे मीठ संपले. भाकरीला, पोळीच्या कणकेला आणि भाताला मीठ नाही. सगळे मीठ आमटी आणि भाजीसाठी राखायचे, तेही शक्यतो शेवटी घालायचे, म्हणजे थोड्यातही जिभेला जाणवते. हे माप गुरुजींच्या तपासण्या पाहून ठरवलेले आहे. तुमच्या घरचे माप तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

बदल्यात फडताळातले पुढचे दोन कप्पे रिकामे झाले. लोणच्याऐवजी किसलेल्या कैरीचा ताजा तक्कू आला, त्याला त्याच डबीतली चिमूट. चार वाजता ज्वारीच्या लाह्या किंवा घरी भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे. सूप घरचेच, टोमॅटो-दुधीचे, वर मिरपूड. लिंबू, चिंच, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण, कोथिंबीर यांना काकूंनी मोकळे रान दिले. पहिले तीन आठवडे गुरुजींनी बरीच कुरकुर केली. जिभेला नव्या मापाची सवय व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, तेवढा काळ घरच्यांनी धीर धरावा. जळजळीसाठी पुडीऐवजी दुसरे औषध दिले, पण अवेळचे फरसाण थांबल्यावर त्याचीही फारशी गरज उरली नाही.

मिठाला पर्याय म्हणून ‘कमी सोडियमचे मीठ’ बाजारात मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या मिठाच्या बाजूने आहे. असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. असे असूनही मी ते गुरुजींना दिले नाही. मूत्रपिंडे मंद असतील, किंवा रक्तदाब-हृदयविकारासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधे चालू असतील, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या डबीत यांतली एखादी गोळी असेलच. तेव्हा हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय, रक्त तपासल्याशिवाय घरात आणू नये.

आणि आता उलट बाजू, कारण ती सांगितली नाही तर हा लेख घातक ठरेल. काही ज्येष्ठ मंडळी सांगितले त्याच्या दुप्पट पथ्य करतात. मीठ पूर्ण बंद, जेवण निम्मे, वर लघवीची गोळी चालू. अशा वेळी रक्तातले सोडियम घसरू शकते. माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, तोल जाऊन पडतो, मळमळते, आणि घरच्यांना वाटते की वयामुळे विसरभोळेपणा आला. असा बदल एक-दोन दिवसांत झाला असेल तर तो विसरभोळेपणा नव्हे. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. हृदय अशक्त असलेल्यांत दिवसाचे सोडियम १,५०० मिलिग्रॅमच्या खाली नेण्याचा प्रयत्न सहा देशांतल्या एका अभ्यासात झाला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या कडक पथ्याने मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होणे लक्षणीय कमी झालेले दिसले नाही. माझी दोन वर्षांची ‘मीठ कमी’ ही चिठ्ठी काकूंनी ‘मीठ बंद’ अशी वाचली होती, आणि मी एकदाही विचारले नव्हते की तुम्ही नेमके काय करता.

दिवाळीच्या आधी दोघे तपासणीला आली, तेव्हा गुरुजींनी वजनांची वही पुढे केली. सुवाच्य अक्षर, रेघा पट्टीने आखलेल्या. पायांवर सूज नव्हती. रात्री एक उशी पुरत होती. वाढवलेली गोळी मी पुन्हा कमी केली. (ती मी केली, त्यांनी नव्हे. बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने गोळ्या कमी करण्याचा उद्योग कृपया कोणी करू नये.)

काकू निघताना दारात थांबल्या. “डॉक्टरबाई, चकलीचं काय करू? नातवंडं येणार. यांच्यासमोर कशी नाही म्हणायची?”

मी गुरुजींकडे पाहिले. ते वहीत मान खुपसून बसले होते, पण कान इकडेच होते.

“लक्ष्मीपूजनाला एक,” मी म्हटले. “भाजणीत मीठ त्या दिवशीच्या डबीतलंच घाला.”

“आणि भाऊबीजेला?” गुरुजींनी वहीतूनच विचारले.